उन्हातली सावली विजेत घात का करते? महाड-पोलादपूरच्या एप्रिल-मेचे गणित

एप्रिल लागला की मोबाइलवर दोन तऱ्हेचे इशारे येऊ लागतात. एक उन्हाचा : दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, कामे सकाळी किंवा संध्याकाळी उरका, सावलीत थांबा. दुसरा विजेचा : येत्या तीन तासांत रायगड जिल्ह्यात मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे, झाडाखाली उभे राहू नका. दोन्ही इशारे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याने ते एकापाठोपाठ वाचले तर तो गोंधळेल. संध्याकाळी काम काढावे तर दुपार कलल्यावरच घाटावरून ढग उतरतात. सावलीत थांबावे तर बांधावरची सावली आंब्याची, ऐनाची किंवा वडाची असते आणि आभाळ गडगडू लागले की तीच शिवारातली सर्वात वाईट जागा ठरते.

या दोन तालुक्यांत ऊन आणि वीज एकाच दिवसात पाळी बदलतात. साधारण अकरापासून तीनपर्यंत उन्हाची पाळी, तिथून अंधार पडेपर्यंत विजेची. सल्ले वेगवेगळे वाचले तर एकीपासून पळणारा माणूस दुसरीच्या वाटेत जाऊन उभा राहतो.

ढग घाटावरूनच का येतात?

सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. या नदीच्या उलट दिशेने, म्हणजे समुद्राकडून डोंगराकडे, दुपारी खारे वारे खोऱ्यात शिरतात. सोबत बाष्प आणतात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढले की सुमारे ४० किलोमीटरवर महाबळेश्वर लागते, उंची १,३०० मीटरहून अधिक. तापलेली, बाष्पाने भरलेली हवा या भिंतीला अडून वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावर कापसाच्या गाठोड्यासारखे ढग उभे राहतात. वरच्या थरात पूर्वेकडचे वारे असतील तर तेच ढग संध्याकाळपर्यंत तळकोकणाकडे ढकलले जातात.

म्हणून जून ते सप्टेंबर समुद्राकडे पाहायची सवय असलेल्या माणसाने एप्रिल-मेमध्ये मान फिरवून घाटाकडे पाहायला हवे. दुपारी दोनला प्रतापगडाच्या बाजूचे ढग फुलकोबीसारखे वाढताना दिसले, त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरू लागला, बुडाशी काळोख आला, तर जिल्ह्याचा इशारा मोबाइलवर पोहोचण्याआधीच तुम्हाला इशारा मिळालेला आहे. दिवसभर मळभ, अंगाची काहिली, पान हलत नाही आणि मग अचानक घाटाकडून गार झोत येतो. त्या झोताने बरे वाटते हे खरे. पण तो ढगातूनच खाली आलेला असतो. गार वारा लागला म्हणजे घरात शिरायची वेळ झाली.

विजेचा काळ मेअखेरीस आपोआप संपतो असेही नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोहोचला आणि सगळी गणिते चुकली. शिवाय ऑक्टोबरमध्ये भातकापणीच्या दिवसांत परतीचा पाऊस असाच गडगडत येतो. तेव्हा तर सगळे गाव उघड्या शेतात असते.

३६ अंश तापमान, तरी जीव का घाबरतो?

बातम्यांत रायगडचे तापमान म्हणून पुष्कळदा अलिबागचा आकडा येतो. अलिबाग समुद्राला लागून आहे. तिथे दुपारी वारा लागतो. महाड चहूबाजूंनी डोंगरांत आहे, पोलादपूर त्याहून आत. वारा इथे उशिरा येतो, थकून येतो. जिल्ह्याच्या आतल्या भागात पारा कुठवर जाऊ शकतो याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ताम्हिणी घाटाच्या पायथ्याचे भिरा. २८ मार्च २०१७ रोजी तिथे ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि त्या दिवशी भिरा देशभरच्या बातम्यांत झळकले. त्या नोंदीबद्दल शंकाही घेतल्या गेल्या. पण शंका बाजूला ठेवली तरी घाटपायथ्याच्या बंद खोऱ्यांत मार्चपासूनच उकाडा किनाऱ्यापेक्षा जास्त असतो, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

हवामान विभाग किनारपट्टीसाठी ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असा उष्णतेच्या लाटेचा निकष लावतो; सपाट प्रदेशासाठी ४० अंशांचा. किनाऱ्यासाठी आकडा खाली ठेवण्याचे कारण घाम. शरीर घाम काढते, तो वाळतो, वाळताना उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच ओलावा असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ३६ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते सुमारे ४३ अंशांसारखे जाणवते. आणि हा हिशेब सावलीतला. उन्हात, पत्र्याखाली किंवा भट्टीशेजारी उभ्या माणसासाठी त्यात आणखी भर पडते.

आकड्याने गाफील राहण्याची किंमत याच जिल्ह्याने मोजली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांच्या सत्कारासाठी लाखो श्री सदस्य उघड्यावर बसले होते. त्या दिवशी परिसरातले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात ३८ अंशांना कोणी दचकत नाही. खारघरला उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, तासन् तास एका जागी बसणे आणि पोटात अन्नपाणी कमी, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की ३८ पुरेसे होतात. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाच्या दिवसांत दुपारी बारा ते पाच मैदानी कार्यक्रमांना मनाई केली. सरकारी कार्यक्रम त्यामुळे थोडे सावध झाले. साडेबाराचा लग्नमुहूर्त मात्र अजून आहे तिथेच आहे. पत्र्याच्या मांडवात हजार माणसे, बाजूला आचाऱ्याच्या चुली आणि नवरदेव शेरवानीत. मुहूर्त गोरज करता येतो का, हे घरातल्या कोणीतरी भटजींना विचारायला काय हरकत आहे?

थकवा कुठे संपतो आणि उष्माघात कुठे सुरू होतो?

उन्हाने थकलेल्या माणसाला भरपूर घाम असतो, डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, पण तो शुद्धीत असतो. विचारले तर नीट उत्तर देतो. त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, पाणी, ताक, लिंबू सरबत, पन्हे किंवा मीठ घातलेले कोकम सरबत घोटाघोटाने द्यावे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या ग्लासात ती सगळी ओतली तर उपायाचा अपाय होतो.

तोच माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडला, कोणाला ओळखेना, झटका आला किंवा कोसळला, तर तो उष्माघात. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. अंग कोरडे असेलच असे नाही. काम करताना कोसळलेल्याला घामही असू शकतो. त्यामुळे खूण बघायची ती बोलण्यातल्या गोंधळाची. इथे सरबत पाजायचे नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळीही उपयोगाची नाही. १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत माणूस गार करायचा. कपडे काढा, हंडा-कळशी जे हाताशी असेल त्याने अंगावर पाणी ओता, चादर ओली करून वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतो. तो वेळ वाट पाहण्यात घालवला तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा झालेली असते. आधी गार करणे, मग हलवणे. घराशेजारची विहीर, बोअरवेल किंवा नळ हेच पहिले औषध.

धोका सर्वांना सारखा नसतो. दुपारी घरात बसा, हा सल्ला पगार चालू राहणाऱ्यासाठी सोपा आहे. वीटभट्टीवर आठवड्याच्या हिशेबाने राबणाऱ्या कातकरी कुटुंबाला, औद्योगिक वसाहतीत ट्रक भरणाऱ्या कंत्राटी कामगाराला किंवा महामार्गाच्या कामावर डांबर ओतणाऱ्याला तो कोण देणार? त्यांच्याबाबत जबाबदारी मुकादमाची आणि मालकाची आहे : काम पहाटे सुरू करणे, दुपारी तीन-चार तास सुटी, कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि दर वीस मिनिटांनी पाऊण-एक ग्लास पिण्याची मुभा. नवीन आलेल्या मजुराला पहिला आठवडा हलके काम द्यावे, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सुटीत मुंबईहून आलेला तरुण पहिल्याच दिवशी भर दुपारी लाकडे फोडायला उभा राहतो, त्यालाही हेच लागू.

आणि म्हातारी माणसे. पोलादपूर तालुक्यात कितीतरी घरांत फक्त आजी-आजोबा उरलेत. वय वाढले की तहान कमी लागते, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी घटते आणि पत्र्याचे घर रात्रीही निवत नाही. मुंबईतल्या मुलाने दुपारी एक फोन करावा. नुसते "बरी आहेस ना" विचारून भागत नाही. आई नेहमीसारखी बोलते आहे का, हे ऐकावे. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे, स्वतःहून बंद करू नयेत.

वीज माणसाला गाठते कशी?

भारतात नैसर्गिक आपत्तींनी होणाऱ्या मृत्यूंत सर्वात मोठा वाटा विजेचा आहे, पुराचा किंवा वादळाचा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ जण वीज पडून गेले. त्याच वर्षी उष्माघाताच्या खाती ७३० मृत्यू नोंदले गेले. उष्माघाताचे मृत्यू पुष्कळदा हृदयविकार म्हणून नोंदले जातात, त्यामुळे हा दुसरा आकडा प्रत्यक्षाहून कमी असणार. तरी विजेचे प्रमाण लक्षात यावे. ती पुरासारखी एकाच वेळी शेकडो माणसे नेत नाही. इथे एक, तिथे दोन, म्हणून तिची बातमी आतल्या पानात जाते.

आभाळातून थेट डोक्यावर वीज पडणे ही तशी दुर्मीळ गोष्ट. जखमी आणि मृतांत अशा थेट आघाताचे प्रमाण तीन ते पाच टक्के मानले जाते. निम्म्याच्या आसपास माणसांना वीज जमिनीतून लागते. झाडावर किंवा जमिनीवर पडलेली वीज पाण्यात दगड टाकल्यावर लाटा पसराव्यात तशी जमिनीतून पसरते. तुमचा एक पाय झाडाजवळ आणि दुसरा लांब असेल तर दोन पावलांखालच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब, शिवाय हृदय मधल्या वाटेत, म्हणून झाडाखाली बांधलेली अख्खी दावण एका विजेत जाते. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये एका वादळात ३२३ रेनडिअर एका जागी मरून पडले होते, ते याच कारणाने.

सुमारे एक तृतीयांश लोकांना वीज बाजूच्या वस्तूवरून उडी मारून लागते. झाडाखाली उभे राहण्यातला धोका इथे आहे. झाडाचे लाकूड विजेला वाट देते, पण कुरकुरत. शेजारी खारट पाण्याने भरलेले माणसाचे शरीर असेल तर वीज खोड सोडून तिकडे वळते. लोखंडी खांबांचा मांडव, उघडी पत्र्याची शेड, क्रिकेटच्या सामन्यासाठी भातखाचरात उभारलेला समालोचकाचा तंबू, सगळ्यांचे तेच. उन्हापासून वाचवायला यांच्यात काही खोट नाही. विजेसाठी मात्र या जागा म्हणजे उघडे मैदान आणि वर एक उंच खांब.

समजुतींबद्दल दोन शब्द. पायाळू माणसावर वीज पडते, ही आपल्याकडची जुनी धास्ती. आजही काही घरांत पायाळू मुलाला पावसात बाहेर सोडत नाहीत. तो मुलगा घरात राहतो हे चांगलेच, पण बाकीची भावंडे आंबे वेचायला जातात! विजेला जन्माची रीत कळत नाही. तिला उंची, टोकदारपणा आणि मोकळी जागा कळते. खिशातला मोबाइलही वीज ओढून घेत नाही. घोका असतो तो चार्जिंगला लावलेला फोन हातात धरण्याचा, कारण वीज खांबावर पडली तर वायरीतून घरात येते.

मग गडगडल्यावर जायचे कुठे?

चार भिंती, पक्के छप्पर आणि बंद दार असलेल्या इमारतीत. पडवी, ओटी, गोठा, बसथांब्याची शेड ही इमारत नव्हे. पडवीत खुर्ची टाकून पाऊस बघणे हा कोकणी माणसाचा लाडका उद्योग असला तरी. आत गेल्यावर भिंतीला, खिडकीच्या गजांना टेकू नका. नळ, मोरी, अंघोळ, कपडे धुणे अर्धा तास थांबवा. टीव्ही, फ्रीज, पंप यांच्या पिना गडगडाट सुरू होण्याआधी काढाव्यात. वीज कडाडत असताना पिना उपटत फिरू नये.

रस्त्यावर असाल तर बंद कार, जीप आणि आपली एसटी या जागा चांगल्या. त्यांची धातूची पेटी वीज अंगावरून जमिनीत उतरवते. काचा वर, हात आत. दुचाकी आणि रिक्षा यात मोडत नाहीत. महामार्गावर किंवा वरंध, आंबेनळी घाटात पाऊस आला की दुचाकीस्वार झाडाखाली गाडी लावतात. त्यापेक्षा भिजत पुढच्या हॉटेलपर्यंत जाणे बरे; वीज अगदी डोक्यावर असेल तर गाडीपासून, झाडापासून आणि कठड्यापासून लांब सखल जागी थांबावे.

खरी अडचण वाड्यांची आहे. कुडाच्या घरांची कातकरी वाडी, डोंगरमाथ्यावरचा धनगरवाडा, तिथे पक्की इमारत एकच : जिल्हा परिषदेची शाळा किंवा समाजमंदिर. आणि मे महिन्यात शाळेला सुटी, दाराला कुलूप. ग्रामपंचायतीने उन्हाळा सुरू होताना एक साधी गोष्ट करावी. ती किल्ली वाडीतल्याच कोणाकडे तरी ठेवावी आणि कोणाकडे आहे ते सर्वांना सांगावे. इमारतीला वीजरोधक बसवणे, त्याची जमिनीतली जोडणी दरवर्षी तपासणे हे खर्चाचे काम आहे, तेही व्हायला हवे. पण किल्लीला खर्च नाही.

उघड्यावर अडकलाच, जवळपास काहीच नाही, तर उंचवटा, एकटे झाड, तारेचे कुंपण आणि पाणी यांच्यापासून दूर व्हा. पाच-सहा जण असाल तर एकमेकांत बरेच अंतर ठेवा, म्हणजे एकाला लागले तर बाकीचे मदतीला उरतील. आडवे झोपू नका. पाय जुळवून उकिडवे बसणे हा शेवटचा उपाय आहे. त्याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही. म्हणून आधी पक्क्या जागेकडे चालू लागणेच बरे. डोक्यावरचे केस उभे राहिले, अंगाला मुंग्या आल्या तर मात्र तेवढाही वेळ नाही.

अंतर मोजायची युक्ती सोपी आहे. वीज चमकली की एक, दोन, तीन असे मोजायला लागा. तीन सेकंदांना आवाज साधारण एक किलोमीटर जातो. तीसच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर येऊ शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आतच थांबायचे. पाऊस थांबला म्हणून बाहेर पडणाऱ्यांना ढगाच्या शेपटीची वीज गाठते. सामन्याचे शेवटचे षटक उरलेय, करंडक लागलाय, हे सगळे खरे. पंचांनी तरीही खेळ थांबवायचा.

कामाची वेळ कोणती ठरवायची?

पहाटे साडेपाच ते साडेदहा. बांधबंदिस्ती, लाकूडफाटा आणि पेंढा आत घेणे, घरावरची कौले परतणे, झेल्याने आंबे उतरवणे, जे उघड्यावर आणि उंचावर करायचे ते या पाच तासांत बसवावे. संध्याकाळ घाटाकडचे आभाळ बघून ठरवावी आणि जी कामे सोडून दोन मिनिटांत घरात शिरता येईल तीच हातात घ्यावीत. कौलावर किंवा आंब्यावर चढलेला माणूस दोन मिनिटांत खाली येत नाही. डोहात पोहणारी पोरेही लवकर बाहेर पडत नाहीत. गुरे सकाळी चारून दुपारनंतर गावाजवळ आणावीत, एकट्या झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नयेत.

रायगडावर येणाऱ्यांसाठी हेच वेळापत्रक अधिक कडक आहे. ६ जून आणि तिथीनुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, असे शिवराज्याभिषेकाचे दोन सोहळे नेमके ऊन आणि मेघगर्जना यांच्या सांध्यावर येतात. गड सुमारे ८२० मीटर उंच, माथा उघडा, झाडे तुरळक, हातात झेंड्याच्या काठ्या. चढण पहाटे संपवावी, पाणी बरोबर असावे, उपाशी चढू नये. दुपारी ढग जमू लागले तर टकमक टोक, कडे आणि लोखंडी कठडे सोडून वेळेत उतरायला लागावे. रोपवेवर विसंबून राहू नये; वादळी वाऱ्यात तो बंद ठेवावा लागू शकतो. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी मनोऱ्यावर पाऊस बघत, सेल्फी काढत थांबलेल्या ११ जणांचा विजेने बळी घेतला. गड वेगळा, पण उंच जागी गर्दी आणि वर ढग हे चित्र तेच.

मोबाइलवरचे इशारे किती उपयोगाचे?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोफत आहे. तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडते आहे का ते दाखवते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ॲप सरकारी इशारे पोहोचवते. हवामान विभागाचा तीन तासांचा इशारा मात्र जिल्ह्यासाठी असतो. उरणपासून पोलादपूरपर्यंत एकच रायगड, त्यामुळे आज इशारा होता आणि काहीच झाले नाही, असा अनुभव येणारच. तो आल्यावर लोक ॲप बंद करतात. घाटाकडचे आभाळ आणि ॲप एकत्र वाचले तर ही अडचण कमी होते. दऱ्यांत नेटवर्क नसते, तिथे पोलीस पाटील, आशा सेविका आणि देवळाचा भोंगा कामी यावा. मुंबईतल्या चाकरमान्याच्या हातात चांगले नेटवर्क आहे. इशारा त्याने बघावा आणि ज्याचा फोन लागतो त्या शेजाऱ्याला कळवावे.

वीज लागलेल्या माणसाला हात लावावा का?

लावावा, लगेच. त्याच्या अंगात वीज शिल्लक नसते, हात लावणाऱ्याला झटका बसत नाही. या भीतीने लोक लांब उभे राहतात आणि वाचू शकणारा माणूस जातो. वीज हृदय थांबवते. पुष्कळदा ते आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास सुरू व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात हृदय दुसऱ्यांदा बंद पडते. म्हणून श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे, येत असेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि १०८ ला फोन लावावा. एकाच वेळी अनेकांना लागली असेल तर नेहमीपेक्षा उलटे करायचे : जे विव्हळत आहेत ते तूर्त तगतील, जे निपचित पडलेत त्यांच्याकडे आधी जा. वीज अजून कडाडत असेल तर जखमीला उचलून आत आणणे योग्य. शेणात किंवा मातीत पुरल्याने वीज उतरते, असे काही भागांत मानतात. त्यात जातात ती वाचवण्याची मिनिटे.

शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच. हृदयाचे ठोके, कान, डोळे, नसा यांच्या इजा नंतर उमटतात.

मृत्यू झालाच तर घरच्यांनी घाईने अंत्यसंस्कार उरकू नयेत. वीज कोसळणे ही महाराष्ट्र सरकारने मान्य केलेली नैसर्गिक आपत्ती आहे आणि मृताच्या वारसांना ४ लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल, पोलिसांचा आणि तलाठ्याचा पंचनामा आणि वारसाची कागदपत्रे तहसील कार्यालयात लागतात. शवविच्छेदन झाले नाही तर मृत्यू विजेने झाला हे कागदावर सिद्ध करणे फार कठीण जाते. गुरांसाठीही मदत मिळते, तिथे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून मेलेले जनावर पंचनाम्याआधी पुरू नये. तलाठी भेटत नसतील तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.